पापुद्रा

होटगी रोडला आमच्या कारखान्यात
लादी साच्यातून सुटते तेव्हा
आधी कण्हल्यासारखा आवाज येतो,
मग धूर.
खरं तर वाफ, पण आम्ही धूरच म्हणतो.
दीडशे किलोची लादी, पोटात पांढरी शीर.
आकड्यानं ओढत नेतो मी फळीवरून
रोज पहाटे, मासळीवाल्यांसाठी, रसवंतीसाठी,
आणि एप्रिलात कधीमधी
कुणाच्या घरी लेक पोचायला उशीर होणार असेल तर.

रेवप्पा कुंभाराची गोष्ट बंडप्पा सांगायचा,
वजनकाट्यावरचा,
डबा उघडता उघडता, दर वेळी वेगळी.
एकदा परळं दोनशे होती, एकदा चारशे.
मी दोनशे धरतो.

आगगाडी तेव्हा नुकतीच आलेली.
तिच्यातून कुण्या साहेबाचा खानसामा उतरला, दस्तगीर,
आणि चिलमीच्या दोन झुरक्यांत बोलून गेला,
तिकडं प्रयागेकडं बर्फ पिकवतात.
शेतात.
हातभर खड्डा, त्यात कडबा,
कडब्यावर उथळ परळं, कच्च्या अंगाची, पाझरणारी,
त्यात बोटभर पाणी, उकळून निवलेलं,
वर उघडं आभाळ. बस्स.
पहाटे ढोल वाजतो, बायापोरं धावतात,
उन्हाच्या आधी पीक काढायचं असतं.
आमचा साहेब शेराला रुपया मोजेल.

रेवप्पानं जन्मभर मातीला जाळ दाखवलेला.
त्याला हसू आलं नाही.
त्यानं फक्त विचारलं, "किती उथळ?"

पौषात परळं मांडली.
शिवलिंगव्वा म्हणाली, प्यायला पाणी मिळंना
आन् हे गोठवायला निघालेत.
शेजारी म्हणाले, येडं लागलंय की बे.
पहिल्या रात्री वारा सुटला.
दुसऱ्या रात्री कुत्रं अकरा परळं चाटून गेलं.
तिसऱ्या रात्री एक ढग, गिरणीच्या गठ्ठ्याएवढा,
तासभरच थांबला, तेवढ्यात नासलं.
ढग म्हणजे चादर, बंडप्पा म्हणायचा,
आभाळानं पांघरूण घेतलं की भुई निवत नाही.
गड्ड्याच्या रात्री सगळा गाव दारूकाम बघायला गेला,
रेवप्पा बांधावर धुराची दिशा बघत बसला.

मग एक रात्र आली.
तिची तिथी बंडप्पाला कधीच सांगता आली नाही.
ज्वारीचं पान हलेना.
चांदण्या इतक्या खाली की कणसात अडकाव्यात.
पहाटे रेवप्पानं पहिल्या परळात बोट घातलं.
पाणी.
दुसऱ्यात पाणी. चाळिसाव्यात पाणी.
शेवटच्या ओळीला, जिथं रान सखल होतं,
सतरा परळांत
कांद्याच्या आतली साल असते ना, तेवढा.
पापुद्रा.
बोट लागताच टिक् असं काहीतरी बोलला.

ढोल नव्हता. त्यानं परळच वाजवलं.
त्यातलं एक फुटलं.

मूठभरही भरलं नाही सगळं मिळून.
घोंगड्यात गुंडाळलं त्यानं.
जे ऊब बाहेर जाऊ देत नाही
ते आतही येऊ देणार नाही,
हे त्याला कुणी सांगितलं होतं, का हातांनीच ठरवलं?
साहेबाचा बंगला दीड कोसावर. घर वाटेत.
दारात बंगारव्वा, पाच वर्षांची, डोळे चोळत.
त्यानं एक घडी उलगडली
आणि चिमूटभर तिच्या तळव्यावर ठेवलं.

"अप्पा, सुडतैती!"

भाजतंय म्हणाली ती.
कुंभाराची पोर. एवढा एकच शब्द तिच्याजवळ.

बंगल्यावर तो गेला का नाही,
इथं आलं की बंडप्पा डब्याचं झाकण लावायचा.
एकदा म्हणाला, गेला,
शिपायानं ओलं घोंगडं पिळून दाखवायला लावलं.
एकदा म्हणाला, कुठला जातोय,
तिथंच उंबऱ्यावर बसला, पोरीच्या हातातलं संपेपर्यंत.

मी हातमोजे घालत नाही.
मुकादम ओरडतो.
पहिल्या लादीवर तळवा टेकवून मोजतो,
एक, दोन, तीन,
आणि चारला तो शब्द येतो,
मला कानडी येत नाही, तरी.